तीन दिवस आण्णांचे, तीन बापूंचे

आराखडा पहिला

"नाव?"

"दस्तगीर मुजावर."

"हुद्दा?"

"मिस्त्री. फौंड्रीचा."

"वरिष्ठ कोण?"

"कवा?"

मी पेन थांबवलं. "कधी म्हणजे?"

"म्हंजे आज का उद्या?"

"मुजावर, तुम्ही कुणाच्या हाताखाली काम करता, एवढंच सांगा."

"आज बुधवार. आज आण्णा. उद्यापास्नं बापू."

"तसं नाही. कागदोपत्री कोण?"

"कागदावर बी तसंच हाय की. सोमवार-मंगळवार-बुधवार आण्णा, गुरुवार-शुक्रवार-शनिवार बापू. रविवारी अल्ला."

मागे रांगेत उभे असलेले सहाजण हसले. मला हसू आलं नाही. मुजावर त्या दिवसाचा एकेचाळिसावा माणूस होता आणि आधीच्या चाळीसजणांनी हेच उत्तर दिलं होतं. फक्त रविवारी कुणाचा देव कोण, एवढाच फरक.

फॉर्मवर 'वरिष्ठ' या शब्दापुढे एक रेघ होती. एकच. त्या रेघेवर एक नाव मावत होतं.

आराखडा दुसरा

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. पुण्याच्या एका कंपनीनं मला कुपवाडच्या एमआयडीसीत पाठवलं होतं, शेडबाळे पंप्स नावाच्या कारखान्यात ईआरपी बसवायला. ईआरपी म्हणजे सबंध कारखाना एका सॉफ्टवेअरमध्ये ओतायचा. रजा, खरेदी, माल, मंजुऱ्या, सगळं. पण त्याआधी त्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की इथं कोण कुणाच्या खाली आहे. एक चौकट, तिच्याखाली चौकटी, त्यांच्याखाली आणखी. त्याला आम्ही झाड म्हणायचो. झाड उलटं असतं, मूळ वर. शनिवारी दुपारी झाडाला कुलूप लावायचं आणि संध्याकाळच्या बसनं पुणं गाठायचं, असं ठरलं होतं. बसचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. त्याच्याकडे मी दिवसातून चारदा बघत असे.

बुधवारी संध्याकाळी मी सगळ्या लोकांच्या डोक्यावर दोन्ही भावांच्या चौकटी ठेवल्या आणि एंटर दाबलं.

*चूक: एका पदाला एकच वरिष्ठ असू शकतो. (२१४ नोंदी)*

दोनशे चौदा लाल ओळी. मी त्या खालपर्यंत सरकवल्या. शेवटपर्यंत लाल.

गेटजवळच्या केबिनमध्ये टाइमकीपर हिंगमिरेबाई बसत. शैलजा हिंगमिरे. एकतीस वर्षं त्या कारखान्यात. उजवा गुडघा दुखायचा म्हणून पाय स्टुलावर. टेबलावर हजेरीची कार्डं आणि एक लांबडी, कापडी पुठ्ठ्याची वही. पंख्याखाली रिकामी खुर्ची फक्त त्यांच्याकडे होती म्हणून मी तिथं जाऊन बसायचे.

"बाई, हे काय खूळ आहे? तीन दिवस एक, तीन दिवस दुसरा?"

"तुमच्याकडं विहीर आहे का?"

"नाही."

"मग कसं कळणार?" त्यांनी एक कार्ड उचलून खोक्यात टाकलं. "भावाभावांत शेत वाटता येतं. बांध घातला की झालं. विहीर कशी वाटणार? अर्धी कुणी न्यायची? मग पाण्याची पाळी ठरते. तीन दिवस तुझी मोटार, तीन दिवस माझी. ज्याची पाळी नाही त्यानं विहिरीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आमच्याकडं खून झालेत त्याच्यावरनं."

"पण हा कारखाना आहे."

"भट्टी कशी वाटणार, म्याडम? वडील गेले, दोघांचं फाटलं, गावातले पंच बसले. पंच सगळे शेतकरी. त्यांनी त्यांना येतं तसं वाटून दिलं."

"आणि हे दोघं बोलत नाहीत?"

"अकरा वर्षं."

"कशावरून फाटलं?"

"ते मला ठाऊक आहे. तुमच्या फॉर्मात त्याला जागा आहे का?"

"नाही."

"मग सोडा."

बाहेर साडेपाचचा भोंगा झाला. बाई उठल्या, गुडघा धरून, वही काखेत घेऊन. दर बुधवारी आणि दर शनिवारी या वेळी त्या एका भावाकडून दुसऱ्याकडे निरोप नेत. काय झालं, काय राहिलं, कुठल्या खर्चाला दुसऱ्याची हो पाहिजे. पंचांनी त्यांनाच नेमलं होतं, कारण त्या कुणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या सिस्टीममध्ये निरोप जातो ना इकडून तिकडे?"

"जातो. त्यासाठीच तर आहे."

"तो जरा निवून जातो का? चहा कसा बशीत ओततो, तसा?"

मला वाटलं, बाई थट्टा करतात. दिवसभराच्या लाल ओळी माझ्या डोळ्यांपुढे होत्या.

"बाई, तीन सेकंदांत जातो. जसं लिहिलं तसा. तीच तर सोय आहे."

"असं का," बाई म्हणाल्या आणि लंगडत गेल्या.

आराखडा तिसरा (दोन तास टिकला)

नाव: भूपाल शेडबाळे, ऊर्फ आण्णा.
हुद्दा: मालक.
वरिष्ठ: "आमचे वडील. फोटो मागं आहे बघा."
हाताखाली कोण: "सगळे."
तुमचे भाऊ?: "पुढचा प्रश्न विचारा."

नाव: जिनगोंडा शेडबाळे, ऊर्फ बापू.
हुद्दा: मालक.
वरिष्ठ: "वडील गेले. आता वर कोण नाही."
हाताखाली कोण: "कारखाना."
तुमचे भाऊ?: "चहा घेणार का कॉफी?"

आण्णांना मी बुधवारी दुपारी भेटले होते, बापूंना गुरुवारी सकाळी. त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत, वडिलांच्या त्याच फोटोखाली. फक्त टेबलावरची तपकिरीची डबी जाऊन तिथं वेलदोड्यांची डबी आली होती.

मी माणसंच अर्धी वाटायचं ठरवलं. एकशेसात आण्णांच्या खाली, एकशेसात बापूंच्या. सिस्टीमला हे फार आवडलं. एकही लाल ओळ नाही. मी यादी छापून फलकावर लावली आणि जेवायला गेले. परत आले तर यादीपुढे गर्दी.

"म्याडम, माझं नाव बापूंकडं कसं गेलं? माझी सोयरीक आण्णांच्या गावातली."

"आन मी आण्णांकडं गेलो तर गुरुवारी काय करू? घरी बसू?"

"भट्टी कुनाकडं गेली? यादीत भट्टी दिसंना."

मुजावर सगळ्यांत शेवटी आला. चष्मा पुसून त्यानं यादी वाचली, अगदी वरून खालपर्यंत.

"म्याडम, मी आण्णांचा आन माझा मदतनीस बापूंचा. म्हंजे धातू मी वितळवायचा आन वतायचं न्हाई?"

मी यादी फाडली.

आराखडा चौथा

नाही. तो सांगण्यासारखा नाही. त्यात मी वडिलांना जिवंत केलं होतं. सिस्टीमनं त्यांची जन्मतारीख मागितली.

आराखडा पाचवा

शुक्रवारी दुपारपर्यंत मला एक वाट सापडली. सगळ्यांत वर एकच चौकट करायची, 'संचालक मंडळ'. तिच्यात दोघं. खालून आलेला अर्ज दोघांकडेही जाईल, जो हजर असेल त्यानं मंजूर-नामंजूर करावं, शेरा लिहावा, आणि त्याची प्रत आपोआप दुसऱ्याच्या मोबाईलवर. वारांची भानगड नाही. वहीची गरज नाही. मी खूश होऊन हे हिंगमिरेबाईंना सांगायला गेले.

त्या ऐकत होत्या. कार्डं लावायची थांबल्या होत्या.

"शेरा दुसऱ्याला जातो?"

"लगेच."

"जसाच्या तसा?"

"बाई, परवाच सांगितलं ना!"

त्यांनी केबिनचं दार लोटलं. लांबडी वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

"वाच पोरी. डावं पान आधी, मग उजवं."

*डावीकडे.* आण्णा: "त्याला सांगा, कोअर शॉपमधला पंखा त्याच्या सासऱ्यानं दिलेला नाही. होता तिथं परत लावायचा."

*उजवीकडे.* बापूंना सांगितलं: आण्णा विचारतात, पंखा कुठं बरा पडेल. त्या खात्यातलं बापूंना जास्त कळतं, तेच ठरवतील.

*डावीकडे.* बापू: "पोरगा इंजिनिअर झाला म्हणून पेढे पाठवले होय? आधी त्याला पंप खोलता येतो का विचारा."

*उजवीकडे.* आण्णांना सांगितलं: बापूंनी पेढा वडिलांच्या फोटोपुढं ठेवला. बोलले काही नाहीत.

*डावीकडे.* आण्णा: "कॉम्प्युटर आणला तर निदान त्याच्या तीन दिवसांतली लपवाछपवी तरी उघडी पडेल."

*उजवीकडे.* बापूंना सांगितलं: कॉम्प्युटरचं आण्णांच्या मनात आहे. पण बापूंनी हो म्हटल्याशिवाय नको म्हणतात.

*डावीकडे.* बापू: "आधी मोबाईल उचलायला शीक म्हणावं."

*उजवीकडे.* आण्णांना सांगितलं: बापू म्हणतात, आणूया.

मी पानं उलटत गेले. अकरा वर्षं. डावीकडे शाई दाबून लिहिलेली, उजवीकडे बेतानं.

"म्हणजे हे ईआरपी..."

"मीच आणलं."

"आणि हे दोघांनाही ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर कारखाना असता का?"

"पण हे लिहून कशाला ठेवलंत?"

"बघा! एवढी शिकलेली." बाई वैतागल्या. "खरं बोललं की विसरलं तरी चालतं. हे लक्षात ठेवावं लागतं. बुधवारी एकाला काय सांगितलं ते शनिवारी दुसऱ्याकडं जुळायला नको?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मार्चात मला साठ होतात. मग घरी बसायचं. माझ्यानंतर निरोप कोण नेणार? मला वाटलं, मशीन नेईल. मशीनला काय, राग ना लोभ."

मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"मला मधे ठेवा," बाई म्हणाल्या. "दोघांच्या मधे एक चौकट. एकाचा शेरा आधी माझ्याकडं येईल, मी बघेन, मग पुढं. मार्चपर्यंत. तोवर एखादी धडाची पोरगी शिकवून तयार करते. दोनशे चौदा घरं आहेत, पोरी. या दोघांनी एकमेकांचं खरं एक वाक्य ऐकलं की संपलं."

आधी मला हसू आलं, आणि मग फार राग आला. कुणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष एका आवारात अकरा वर्षं रुसून बसतात, एक बाई गुडघा ओढत त्यांच्यामध्ये फेऱ्या घालते, आणि हे सगळं मी चौकटीत बसवून द्यायचं, शनिवारी दुपारच्या आत.

तरी मी बसवलं. संचालक मंडळाच्या चौकटीत मंजुरी आणि प्रत यांच्यामध्ये हिंगमिरेबाई. एंटर.

*चूक: वरिष्ठाची श्रेणी कनिष्ठापेक्षा कमी आहे. (१ नोंद)*

दोनशे चौदावरून एक. एकच लाल ओळ. ती घालवायला बाईंना मालकांची श्रेणी द्यावी लागणार होती आणि त्याला पुण्याची परवानगी लागणार होती. मी माझ्या वरिष्ठांना, श्रीधर सरांना, फोन लावला.

"टाइमकीपर? डायरेक्टरच्या वर?" सर म्हणाले. "ऋजुता, तुला तिथलं पाणी बाधलंय का?"

"सर, इथली पद्धत अशी आहे की..."

"पद्धत बदलायलाच आपल्याला बोलावतात. तिचं काम काय आहे?"

काय सांगायचं? 'निरोप निववते'?

"निरोप देते, सर."

"निरोप सिस्टीम देईल. पुसून टाक."

मला भांडता आलं असतं. तासभर लागला असता, एक टिपण लिहावं लागलं असतं, कदाचित सोमवारपर्यंत थांबावं लागलं असतं. लॉजच्या उशीला तेलाचा वास यायचा. मी पर्समधलं तिकीट काढून बघितलं.

आराखडा सहावा (अंतिम)

मधली चौकट पुसली. शैलजा हिंगमिरे यांना 'इतर' या खात्यात टाकलं, माळी आणि वॉचमन यांच्या शेजारी. हिरवी ओळ आली. *रचना वैध आहे.*

बाईंना मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. शनिवारी सकाळी मी गेटातून आत शिरताना त्यांनी फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत कार्डं लावायला घेतली.

चाचणी अकरा वाजता होती, बापूंच्या केबिनमध्ये. शनिवार म्हणजे त्यांचा दिवस. खात्याखात्याचे पाच-सहा लोक मागे उभे. मी मुजावरला म्हटलं, खोटा अर्ज नको, एखादा खरा टाका. त्यानं टाकला: कोअर शॉपचं, म्हणजे साच्यांच्या खात्याचं, छप्पर गळतंय, साठ पत्रे पाहिजेत. बुधवारी आण्णांनी त्याला हो म्हटलं होतं.

अर्ज बापूंच्या पडद्यावर आला. सगळे "आला, आला" म्हणाले.

"आता इथं शेरा लिहायचा, बापू. मराठीतसुद्धा चालतो."

"मराठीत?" बापूंनी बाह्या सरसावल्या. एका बोटानं एकेक अक्षर शोधत ते टाइप करू लागले. मध्येच अडले.

"'ळ' कुठं आहे?"

मी वाकले. "हे शिफ्ट दाबून धरा. आणि आता हे."

'ळ' मी दाखवला. वाक्य मला दिसत होतं. *आण्णाला पत्र्यातलं कळतं, पंपातलं कळत नाही. वडिलांनाही शेवटी तेच कळलं होतं. नामंजूर.*

दिसत होतं आणि मी वाचत नव्हते. अक्षरं नीट उमटताहेत का, एवढंच बघत होते.

बापूंनी एंटर दाबलं. कोपऱ्यात हिरवी खूण उमटली. *प्रत पाठवली.* कुणीतरी टाळी वाजवली.

बाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नव्हतं.

"गेला?"

"गेला, बाई."

"तसाच?"

मी मान हलवली. त्या गेल्या नाहीत. चौकटीला टेकून, उजव्या पायावरचा भार काढून, उभ्या राहिल्या. जणू बस यायची होती.

आण्णांचं घर विश्रामबागेत, वीस मिनिटांवर. ते सतरा मिनिटांत आले.

आधी आवाज बंद झाले. ग्राइंडर थांबला, मग हातोडे थांबले, मग कुठल्या तरी खात्यातला रेडिओ. खिडकीतून दिसलं: सरकत्या गेटच्या रुळाशी आण्णा उभे, घरातल्या चपला, हातात मोबाईल. वॉचमनचा हात सलामासाठी अर्धा वर गेला होता आणि तिथंच राहिला होता.

"शनिवार हाय," मुजावर पुटपुटला. "आण्णा, शनिवार हाय वो..."

आण्णांनी रूळ ओलांडला.

केबिनमध्ये आले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. बापू उठून उभे राहिले होते. आम्ही भिंतीला. दोघांच्या मध्ये टेबल, टेबलावर माझा पडदा, त्यावर हिरवी ओळ.

"हे तू लिहिलंस?" आण्णांनी मोबाईल पुढे धरला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मी लिहिलं."

"अकरा वर्षांत तू मला असं कधी बोलला नव्हतास."

"रोज बोललोय."

"काय?"

"दर शनिवारी बोललोय. याच्यापेक्षा वाईट बोललोय. तूच ऐकून घेत आलास. मला वाटलं, लाज वाटत असेल."

"मला?" आण्णांचा आवाज चढला. "मी तुझा सासरा काढला, तरी तू पंखा निमूट हलवलास! मला वाटलं, गडी सुधारला!"

"कुठला पंखा? तूच विचारलंस ना, कुठं बरा पडेल म्हणून!"

"मी विचारलं? तुला?"

मग दोघांच्या माना एकदमच दाराकडे वळल्या.

बाईंनी वही मागायला लावली नाही. स्वतःच आत येऊन टेबलावर ठेवली.

वही वाचायला दोघांत चष्मा एकच होता, बापूंचा. आण्णा घाईत विसरून आले होते. बापू एक पान वाचत, चष्मा काढून आण्णांना देत, आण्णा वाचून परत देत. टेबलाच्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा. हे पाव तास चाललं. मला आशा वाटू लागली होती, खोटं कशाला बोलू. एकदा तर बापूंच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला, पेढ्यांच्या पानावर. आण्णांनी विचारलं, "ठेवला नव्हतास फोटोपुढं?" बापू म्हणाले, "खाल्ला." आणि मग पुढचं पान.

वही मिटली तेव्हा दोघांचेही चेहरे लाल होते. एकाच तऱ्हेनं लाल. भाऊ आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"तुम्हाला आम्ही घरच्यासारखं मानलं," आण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही आम्हाला अकरा वर्षं बाहुल्यांगत नाचवलं," बापू म्हणाले.

"उद्यापासून..."

"उद्यापासून कशाला? आजपासून."

"म्याडम, टाइप करा," आण्णा मला म्हणाले.

मी केलं. दुसरं कुणी नव्हतं, आणि यंत्रासमोर मीच बसले होते. आण्णा सांगत होते. "...यांनी व्यवस्थापनाचा विश्वासघात केल्यामुळे..."

"विश्वासघात नको," बापू म्हणाले. "ते शाबीत करत बसावं लागतं. 'कर्तव्यात कसूर' घाला."

आण्णांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ते घाला."

प्रिंट निघाला. आण्णांनी सही केली. कागद सरकवला. बापूंनी त्यांच्या खाली केली.

बाईंनी तो उभ्यानंच वाचला. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता रडतील, आणि मी काय करू?

"म्याडम," त्या मला म्हणाल्या, "याची एक झेरॉक्स काढून द्या की."

"कशाला, बाई?"

"एका कागदावर दोघांच्या सह्या." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "आण्णांची वर, बापूंची खाली. एवढ्यासाठी मी अकरा वर्षं पाय घासले. जमलं नव्हतं."

बाई गेटजवळ गेल्या, स्वतःचं कार्ड खोक्यातून काढलं, यंत्रात घातलं. बारा वाजून पन्नास मिनिटं. मुजावर त्यांची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेला. ग्राइंडर अजून बंदच होता.

मी झाडाला कुलूप लावलं आणि संध्याकाळच्या बसनं पुण्याला आले.

आराखडा सातवा

आठ महिन्यांनी मला पुन्हा बोलावलं. आता कुणाला पाळीची गरज नव्हती, दोघं थेट बोलत होते. आणि जे बोलत होते ते मला मुजावरनं गेटपासून केबिनपर्यंत चालता चालता सांगितलं. आवारात मधोमध सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत अर्धी उभी होती. भट्टी आण्णांच्या बाजूला, कोअर शॉप बापूंच्या. साचे एकीकडे, धातू दुसरीकडे. दोनशे चौदापैकी एकशे तीस उरले होते.

"म्याडम," मुजावर म्हणाला, "त्या टायमाला मी इचारलं व्हतं बगा. वितळवायचा आन वतायचं न्हाई?"

एका झाडाची दोन करायची होती. दोन दिवसांत झाली. एकही लाल ओळ आली नाही.

निघताना मी आण्णांना म्हटलं, जाताना मिरजेला हिंगमिरेबाईंकडे जाणार आहे, काही सांगायचं आहे का?

"त्या बाईचं नाव या आवारात काढायचं नाही," आण्णा म्हणाले.

बाई मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागे राहायच्या. खिडकीतून कुठूनतरी तार जुळवल्याचा आवाज येत होता, तीच एक तार, पुन्हा पुन्हा. बाई शेजारणीचा गॅसचा फॉर्म भरून देत होत्या. पाय स्टुलावर होता. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, झेरॉक्स चिकटवलेली होती.

"जमलं का झाड?"

"जमलं. दोन."

त्यांनी मान हलवली. कळलेलं असणार. फॉर्मातला एक रकाना भरला, पुढचा बघितला.

"आण्णा काय म्हणाले?"

"तुमची फार आठवण काढली," मी म्हणाले. "म्हणाले, बाई असत्या तर ही वेळ आली नसती."

बाईंचं पेन थांबलं. चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उजवं पान," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"गोड फार झालं, पोरी. आण्णा 'आठवण' असलं बोलतात होय? असं एक वाक्य आलं की ऐकणारा लगेच ओळखतो. बाईचा गुडघा कसा आहे, एवढंच म्हणायचं. त्यात आण्णा बसतात." त्यांनी फॉर्म बाजूला सारला, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हं. परत सांग."

"आण्णांनी विचारलंय, बाईंचा गुडघा कसा आहे."

"बरा आहे म्हणावं," बाई म्हणाल्या.